पकडीचा जबडा, चिमट्याची पात

उकळत्या दुधाचं पातेलं पकडीतून निसटलं की बोल हाताला लागतो. बहुतेक वेळा खोट असते ती जबड्यात, म्हणजे पातेल्याचा काठ धरणाऱ्या त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या भागात. पुण्यात तुळशीबागेत किंवा रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात पकड मागितली, की गिऱ्हाईक ती आधी हातावर तोलून बघतं, मग चकाकी बघतं, मग भाव करतं. जबडा उघडून पाहणारे थोडेच. जड म्हणजे मजबूत हा हिशेब पातेल्याला बऱ्यापैकी लागू पडतो, पकडीला नाही.

साधा हिशेब करून बघू. पातेल्यात दोन लिटर दूध आहे, पातेल्याचं स्वतःचं वजन सहाशे-सातशे ग्रॅम धरू, म्हणजे एकूण भार पावणेतीन किलोच्या आसपास. पातेल्याचा व्यास २० सेंटिमीटर. पकड एका बाजूला काठाशी लागते आणि भाराचा मध्य तिथून १० सेंटिमीटर लांब असतो. त्यामुळे पातेलं नुसतं खाली ओढत नाही, ते काठाशी गिरकी घेऊन पुढे कलंडायला बघतं. त्या वेळी काठाचा वरचा भाग हातापासून दूर जाऊ पाहतो आणि त्याखालची भिंत हाताकडे येऊ पाहते. पकडीचा आतला जबडा काठ अडवतो, बाहेरच्या जबड्याचं खालचं टोक भिंत अडवतं. या दोन टेकूंमध्ये उभं अंतर ३ सेंटिमीटर असेल, तर प्रत्येकावर सुमारे ९ किलोचा जोर येतो. अंतर दीड सेंटिमीटर असेल, तर तोच जोर १८ किलोवर जातो. दूध तेवढंच, हात तोच.

म्हणून पकड घेताना बाहेरचा जबडा खाली लांब उतरलेला आणि आतला आखूड असा जोड बघावा. दोन्ही जबडे सारखेच आखूड असलेली पकड दिसायला नेटकी असते, पण ती चहाच्या भांड्यापुरतीच ठेवावी.

आता हे ९ किलो हाताला का जाणवत नाहीत? पकड ही तरफ आहे. रिव्हेट, म्हणजे दोन पट्ट्या जोडणारी खीळ, हा टेकू; एका बाजूला ४ सेंटिमीटरचा जबडा, दुसऱ्या बाजूला १६ सेंटिमीटरचा दांडा. दांड्याच्या टोकाशी दाबलं, तर सव्वादोन किलोच्या जोरात काम भागतं. पण घाईत आपण पकड रिव्हेटजवळ धरतो. रिव्हेटपासून ८ सेंटिमीटरवर धरली, तर तेच काम करायला साडेचार किलोचा दाब सतत द्यावा लागतो, आणि ओट्यापासून सिंकपर्यंत जाईस्तोवर मूठ सैल पडते. दांडा टोकाशी धरायचा, हे दुकानदार सांगत नाहीत. मनगटावर येणारा पीळ मात्र दांडा लांब केला की वाढतो. त्यामुळे दोन लिटरच्या वरचं पातेलं एका पकडीने उचलूच नये. समोरासमोर दोन पकडी लावल्या की कलंडण्याचा प्रश्नच उरत नाही आणि प्रत्येक हातावर भार निम्मा येतो.

जबड्याची आणखी एक गोम आहे. पकडीचे जबडे कात्रीसारखे एका रिव्हेटभोवती फिरतात, त्यामुळे ते एकमेकांना समांतर येतात ते एकाच अंतरावर. काठ त्याहून जाड असेल तर जबडे मुळाशी चावतात आणि टोकाशी फाकतात. काठ पातळ असेल तर उलट होतं, नुसती टोकं टेकतात. स्टीलच्या पातेल्याचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर, तर जाड अॅल्युमिनियमच्या पातेल्याचा तीन मिलिमीटरपर्यंत असू शकतो. एकच पकड दोन्हींना नीट बसेल अशी अपेक्षा चुकीची आहे. दुकानात मागे पातेल्यांची चळत असतेच. आपल्या घरच्यासारखं एक मागून घ्यावं, काठ पकडीत धरावा आणि उजेडासमोर न्यावा. जबडा आणि भिंत यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर पकड परत ठेवावी. पातेल्याचा काठ बाहेर गोल वळवलेला असेल, तर त्या वळणाखाली जबडा अडकतो का, तेही तिथेच कळतं. मग पातेलं जरासं उचलून पकड डावी-उजवीकडे हलकेच पिळावी. जबडा अरुंद असेल, तर पातेलं झोपाळ्यासारखं डोलतं. रिव्हेट ढिली असेल, तर दोन्ही दांडे एकमेकांवरून सरकतात. नव्या पकडीत एवढीशी ढिलाईसुद्धा चालवून घेऊ नये, ती पुढे वाढतच जाते.

पकड सापडत नाही म्हणून ओलं फडकं घेऊन भांडं उतरवणं हा स्वयंपाकघरातला सगळ्यात वाईट शॉर्टकट. कोरडं फडकं हात वाचवतं ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. पाणी हवेपेक्षा वीसेक पट जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे फडकं ओलं झालं की बचाव संपला. ६० अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांत त्वचा खोलवर भाजते, ७० अंशांना एखादा सेकंद पुरतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, पण या दोन अंशांची सवलत हाताला कळत नाही. वाफ तर त्याहून वाईट. एक ग्रॅम वाफेचं त्वचेवर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सुटते. तेच एक ग्रॅम उकळतं पाणी शरीराच्या तापमानाला येताना साठेक कॅलरी देतं. मोदकपात्राचं झाकण म्हणूनच पकडीने आणि पलीकडच्या बाजूने आधी उचलायचं, म्हणजे वाफेचा पहिला लोट भिंतीकडे जातो.

चिमट्याचं गणित पकडीच्या अगदी उलटं. त्याचा टेकू मागच्या वळणात, पदार्थ पुढच्या टोकाशी आणि हात मध्ये. ३० सेंटिमीटरचा चिमटा वळणापासून १२ सेंटिमीटरवर धरला, तर दिलेल्या जोरापैकी टोकाला पोचतो फक्त ४० टक्के. बदल्यात हात थोडा हलला तरी टोक बरंच हलतं. फुलका, पापड, भाजायचं वांगं यांना तेच हवं असतं: जोर कमी, चपळाई जास्त. याच कारणाने चिमट्याने पातेलं कधीही उचलू नये, मग तो कितीही दणकट दिसो.

चिमट्याचा जीव पात्याच्या जाडीत असतो. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.८ मिलिमीटरऐवजी १.२ मिलिमीटरची पट्टी घेतली, तर जाडी दीडपट, पण ताठपणा जवळजवळ ३.४ पट. लांबीचं याच्या उलट आहे: २० सेंटिमीटरचा चिमटा ३० चा केला, की तो तितकाच पट लुळा पडतो. लांब चिमटा हवा असेल, तर पत्रा जाड हवा किंवा पात्याला मधोमध उभी पन्हळ काढलेली हवी. पन्हळीमुळे वजन न वाढता पात ताठ होते. फुलक्यासाठी २२ ते २५ सेंटिमीटर पुरे, खोल कढईसाठी ३० च्या पुढचा घ्यावा. दुकानात तो चार-पाच वेळा टोकं टेकेपर्यंत दाबून सोडावा. दर वेळी पात्यांमधलं अंतर पूर्वीइतकंच उघडलं पाहिजे. जरा जरी कमी उघडला, तरी पत्र्याने लवचीकपणाची मर्यादा ओलांडली असं समजावं. असा चिमटा महिनाभरात टोकाशी मिटूनच राहतो.

टोकावरून बोट फिरवून बघावं. कापलेल्या पत्र्याची धार तशीच ठेवलेली असेल, तर ती फुलक्याला भोक पाडते. फुलका फुगतो तो आतल्या पाण्याची वाफ होऊन. पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशे-सतराशे पट होतं, पण बारीकसं छिद्र मिळालं की सगळी वाफ तिथून निघून जाते. टोकं दोन-अडीच सेंटिमीटर रुंद, गोल आणि घासून गुळगुळीत केलेली असावीत. दातेरी टोकं कणसाला आणि वांग्याला बरी, फुलक्याला नाहीत. उकडीच्या मोदकाला कुठलाच चिमटा नको. कळ्यांवर जराही दाब पडला की त्या मोडतात. ओला केलेला पातळ, रुंद कालथा खालून सारावा.

स्टेनलेस स्टील उष्णता फार वाईट वाहून नेतं. अॅल्युमिनियम त्याच्या दहा पटींहून अधिक, तांबं तर पंचवीसेक पट जास्त वेगाने नेतं. म्हणून नुसत्या स्टीलच्या पातेल्यात खीर मधोमध लागते. पातेल्याचा हा दोष चिमट्याचा मात्र गुण ठरतो: टोक जाळावर असताना मागचं टोक बराच वेळ हातात धरवतं. अॅल्युमिनियमचा चिमटा हलका म्हणून घेऊ नये, तो लगेच हाताशी तापतो.

झाऱ्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, आणि चकली तेलकट झाली की भाजणीला नावं ठेवली जातात. तळताना पदार्थातल्या पाण्याची वाफ सतत बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. पदार्थ कढईबाहेर आला, थंड होऊ लागला, की आतली वाफ आटते, तिथे दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. पदार्थात जाणारं बरंचसं तेल या काही क्षणांत जातं. म्हणजे तेल निथळायचं ते पदार्थ कडकडीत असतानाच. गरम तेल पातळ असतं, तेव्हाच ते झरझर उतरतं. थंड होईल तसं ते दाट होऊन चिकटून बसतं. झारा कढईवरच तिरका धरून, एक-दोन हलके झटके देऊन दहा-पंधरा सेकंद थांबावं आणि मग पदार्थ चाळणीवर एका थरात सोडावा. ढीग केला की खालच्या चकल्या वरच्यांच्या वाफेने मऊ पडतात.

झाऱ्याची भोकं किती मोठी असावीत यालाही कारण आहे. पृष्ठताणामुळे भोकात तेलाचा पडदा अडकून राहतो, आणि भोकाचा व्यास निम्मा झाला की तेल अडवून धरण्याची त्याची ताकद दुप्पट होते. दीड-दोन मिलिमीटरच्या भोकांचा झारा तेलाने भरून बाहेर येतो. रोजच्या तळणीला चारेक मिलिमीटरची, सारखी पाडलेली भोकं असावीत. खालच्या बाजूला भोकांभोवती पत्र्याची खरखरीत कड राहिलेली नसावी, कारण तिथे जळका चुरा साचतो आणि पुढच्या तेलाला वास लावतो.

झाऱ्याचा दांडा जास्त महत्त्वाचा. पत्रा गुंडाळून केलेल्या पोकळ दांड्याच्या सांध्यातून धुतानाचं पाणी आत जातं आणि नंतर थेंबाथेंबाने तापलेल्या तेलात पडतं. तेल १८० अंशांवर, पाणी त्याच्या बरंच आधी उकळणारं. थेंब तेलात बुडताच त्याची स्फोटासारखी वाफ होते आणि तेल उडतं. दांडा भरीव पट्टीचा घ्यावा. पोकळच आवडत असेल, तर धुतल्यावर कानाशी हलवून बघावा, आणि आत पाणी वाजलं तर तो झारा तळणीला वापरू नये.

उलथण्याची निवड भांडं ठरवतं. बिडाच्या तव्यावर स्टीलचं, सरळ आणि पातळ धारेचं. नॉनस्टिकवर लाकडी किंवा सिलिकॉनचं. नायलॉनचं उलथणं २०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर त्याच्या सहज पुढे जातो. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणलेल्या कल्हईच्या भांड्यात तर लाकडीच डाव हवा. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, कथील मऊ, स्टीलच्या कडेने खरवडलं जातं. शिवाय ते २३२ अंशांना वितळतं, तेव्हा असं भांडं रिकामं आचेवर ठेवू नये.

लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे उत्तम स्टील, हे दुकानातलं प्रात्यक्षिक अर्धवट आहे. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ दर्जाला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या स्वस्त २०२ लाही ते चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा पत्रा वाकवला, ठोकला, की वळणापाशी किंचित चुंबकत्व येतं. पकडीच्या बाबतीत दर्जापेक्षा रिव्हेट बघावी. गंज तिथून सुरू होतो. दोन पट्ट्यांमधल्या फटीत मिठाचं, चिंचेचं पाणी राहतं, आत प्राणवायू पोचत नाही, आणि स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर तिथे पुन्हा धरत नाही. रिव्हेट साध्या लोखंडाची असेल, तर ती आधी तांबूस होते, मग झिजते. पकड धुतल्यावर उघडी करून पालथी ठेवावी आणि रिव्हेटवर अधूनमधून खाण्याच्या तेलाचा एक थेंब सोडावा, शिलाई मशीनच्या तेलाचा नाही.

ढिली झालेली रिव्हेट घरी आवळता येते. तिचं एक डोकं जड लोखंडी वस्तूवर टेकवायचं, दुसऱ्या डोक्यावर हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्यायचे आणि दर दोन ठोक्यांनी पकड उघडझाप करून बघायची. एकदम जोरात मारलं तर पकड घट्ट बसते आणि एका हाताने उघडत नाही. आवळूनही दांडे डोलत असतील, तर रिव्हेटचं भोक झिजून लांबट झालेलं असतं. त्याला इलाज नाही, ती पकड मोडीत घालावी.