जुन्या चित्रपटांच्या डिजिटल सफाईची पार्श्वभूमी: कोणता डाग पुसायचा?

संगणकाआधी फिल्मवरचा ओरखडा पुसता येत नसे, फक्त लपवता येई. वेट-गेट प्रिंटिंगमध्ये, म्हणजे ओल्या फिल्मवरून प्रत काढताना, फिल्म परक्लोरोएथिलीन या द्रवातून नेत. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) फिल्मच्या बेसइतकाच, म्हणजे तिच्या पारदर्शक पट्टीइतकाच, म्हणजे सुमारे १.५ असल्याने बेसवरचा ओरखडा भरून निघे आणि तिथे प्रकाश विखुरत नसे. इमल्शन (चित्र धरणारा थर) खरवडले असेल तर मात्र चित्रच गेलेले असते. तिथे हा द्रव निरुपयोगी.

खरा बदल १९९०च्या दशकातला. १९९३ मध्ये एक पूर्ण लांबीचा जुना अ‍ॅनिमेशनपट स्कॅन करून, साफ करून पुन्हा फिल्मवर उतरवला गेला. ९० मिनिटांच्या चित्रपटात सेकंदाला २४च्या वेगाने १,२९,६०० फ्रेम असतात, तेव्हा सगळे हाताने करणे शक्यच नव्हते. त्याच दशकात आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरचा पाया असलेली पद्धत आकाराला आली: हालचालीचा अंदाज घेऊन प्रत्येक बिंदू मागच्या आणि पुढच्या फ्रेमशी ताडायचा; दोन्हींपेक्षा तो एकाच दिशेने फार वेगळा निघाला तर तो डाग, आणि शेजारच्या फ्रेममधून तिथे भरणा. यासाठी आधी थरथर आणि लुकलुक काढावी लागते, नाहीतर हालचालीचा अंदाजच चुकतो. तरीही पावसाचे थेंब, ठिणग्या, वेगाने फिरणारे हात धूळ समजून खाल्ले जातात. उभा ओरखडा उलट निसटतो, कारण तो अनेक फ्रेममध्ये जागेवरच असतो. इन्फ्रारेड स्कॅनमध्ये धूळ वेगळी दिसते, पण रंगीत फिल्मवरच. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडही अडवते.

वाद मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. पॉझिटिव्हवरचा, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या प्रिंटवरचा, पांढरा ठिपका बहुधा प्रिंट काढताना निगेटिव्हवर असलेल्या धुळीचा. काळा ठिपका त्या प्रिंटवरच्याच धुळीचा असतो, किंवा चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यात शिरलेल्या कचऱ्याचा. कॅमेऱ्याच्या गेटमध्ये (फिल्मवर प्रकाश पडतो त्या चौकटीत) अडकलेला केस फ्रेमच्या कडेला शॉटभर तसाच राहतो. अ‍ॅनिमेशनमध्ये सेलवर (चित्र रंगवलेल्या पारदर्शक पत्र्यावर) बसलेली धूळही चित्राबरोबरच टिपली गेली. कॅमेऱ्यातच टिपले गेलेले हे डाग पहिल्या खेळालाही पडद्यावर होते. काही जण म्हणतात, निर्मात्यांना जमले असते तर त्यांनीच ते काढले असते. हा तर्क धोक्याचा आहे. याच तर्काने जोडकामाच्या खुणा गेल्या, प्रतिकृती टांगणाऱ्या तारा गेल्या, आणि शेवटी ग्रेनसुद्धा (फिल्मचा मूळ दाणेदारपणा) ‘घाण’ ठरून चेहरे मेणासारखे गुळगुळीत झाले. प्रयोगशाळेत किंवा नंतरच्या हाताळणीत झालेले नुकसान काढावे, कॅमेऱ्यात घडलेले राहू द्यावे, ही रेघ अधिक टिकाऊ आहे. अर्थात त्यासाठी मूळ स्कॅन अस्पर्श ठेवून दुरुस्त्यांचे मास्क (कुठे बदल केला ते दाखवणारे नकाशे) वेगळे जपावे लागतात; ते अनेक ठिकाणी जपलेच गेले नाहीत.

अलीकडची न्यूरल (उदाहरणांवरून शिकणारी) साधने अनेकदा स्वच्छ चित्रांवर कृत्रिम डाग टाकून शिकवली जातात. त्यामुळे ठळक कडांचे डाग ती झटपट टिपतात; पिढ्यान्‌पिढ्या प्रिंटमधून उतरत धूसर झालेली धूळ मात्र त्यांना चित्राचाच भाग वाटते.