वाटीखालचं दुखणं : शेकापासून वजनापर्यंत

सोलापुरात तालमीतली पोरं असोत की पार्क मैदानावर कबड्डी खेळणारी, गुडघ्याच्या वाटीच्या बरोबर खाली बोट दाबून "हितंच दुखतंय" म्हणतात आणि घरचे सांगतात बैठका बंद कर, शेक घे. फिजिओथेरपीतही बरीच वर्षं तेच होतं, जेल लावून अल्ट्रासाउंड फिरवायचं, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) आडवी चोळायची, आराम सांगायचा. या दुखण्याचं 'जंपर्स नी', म्हणजे उड्या मारणाऱ्याचा गुडघा, हे नाव 1973 चं.

खरा घोळ त्याला लावलेल्या 'टेंडिनायटिस' या शब्दाने केला. 'आयटिस' म्हणजे दाह, मग ओघानेच बर्फ, सूज उतरवायची गोळी, नाहीतर स्टिरॉइडचं इंजेक्शन. पण जुनाट दुखण्यातली कंडरा मायक्रोस्कोपखाली बघितली तर दाहाच्या पेशी फारशा सापडेनात, तंतूच विस्कटलेले. त्याला 'टेंडिनोसिस', म्हणजे कंडरेची झीज, म्हणावं तर तुकडा काढून तपासल्याशिवाय तसं म्हणता येत नाही, म्हणून 1998 मध्ये 'टेंडिनोपॅथी' हा शब्द पुढे आला, म्हणजे कंडरेचं दुखणं, एवढंच. पुढे काही संशोधकांनी दाह थोडा असतोच असं परत दाखवलं आणि वाद अजून आहे. तरी मला नवा शब्दच बरा वाटतो, कारण दाह म्हटलं की पोरगं पाय टेकवायलाच घाबरतं. परवाच एका कबड्डीवाल्याची चिठ्ठी बघितली, टेंडिनायटिस, पूर्ण आराम, आणि मांडी टेपने मोजली तर दुखऱ्या बाजूची चांगलीच बारीक झालेली.

त्याच 1998 मध्ये टाचेमागच्या कंडरेसाठी रोज 180 वेळा हळू खाली जायचा व्यायाम गाजला, 12 आठवडे. गुडघ्यासाठी तो 25 अंश उताराच्या फळीवर एका पायाने करायला लागले. 2009 ला इंजेक्शन, उतारावरचा व्यायाम आणि आठवड्यातून तीनदा जड वजन सावकाश उचलणं यांची तुलना झाली, इंजेक्शनवाले सुरुवातीला खूश पण सहा महिन्यांत परत मागे, वजनवाले सगळ्यात समाधानी. 2015 ला गुडघा न हलवता 45 सेकंद ताण धरायचा, असं पाच वेळा, त्याने दुखणं लगेच उतरतं म्हणून बोलबाला झाला, पण नंतर तसा गुण सगळ्यांना आला नाही.

2021 च्या चाचणीत टप्प्याटप्प्याने वजन वाढवणाऱ्यांना 24 आठवड्यांत उतारावरच्या व्यायामापेक्षा जास्त फरक पडला. या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत दुखणं सोसत बसायचं नाही, 10 पैकी 3 पर्यंत चालतं, एका पायावर बैठक मारून बघायचं आणि तेवढ्यात भागत असेल तरच पुढचा टप्पा.