तलाव कुणाचा, मासे कुणाचे

माणदेशात किंवा जतकडे अनोळखी तलावावर गळ घेऊन गेलं, की बांधावर भेटणारा पहिला माणूस विचारतो, "कुणाला विचारून आलाय?" प्रश्न रास्तच आहे. पण विचारायचं कुणाला, हे तलावागणिक बदलतं. कारण तलाव वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी झाले.

कृष्णा-वारणेच्या डोहांत भोई आणि कोळी पिढ्यानपिढ्या जाळं टाकत आले. सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत मात्र मोठं पाणी आलं ते दुष्काळी कामांतून. म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव इंग्रजी अमदानीतला. त्याच अमदानीत, १८९७ साली, मासेमारीचा कायदा झाला. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला त्याने बंदी घातली, आणि ज्याला मासेमारीचा एकट्याचा हक्क मिळाला आहे त्याचं पाणी 'खासगी' धरलं. रूढीने इतर लोक तिथे मासे धरत असले, तरी तेवढ्याने ते पाणी सार्वजनिक होत नाही, असंही त्यात लिहिलं होतं. ठेकेदार आणि गावकरी यांच्यातला आजचा वाद मला तिथेच सुरू झालेला दिसतो.

पाझर तलाव वाढले ते १९७२ च्या दुष्काळात. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, आणि तिचा पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातलाच. ज्यांनी स्वतः माती वाहिली त्यांच्या घरात 'तलाव आमचा' ही भावना आजही आहे, आणि ती खोटी म्हणता येत नाही. बाहेरून येणाऱ्याने कागदाआधी या भावनेचा मान राखायला हवा.

मग माशांचा मालक कसा आला? १९५७ साली कटकला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी संप्रेरक टोचून कार्प, म्हणजे रोहूच्या कुळातल्या, माशांची पैदास करून दाखवली. त्याआधी रोहू, कटला, मृगळ यांचं बीज नदीतून गोळा करावं लागे. पुढे बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, विकत मिळू लागली आणि तलावातला मासा हे कुणाच्या तरी पैशाचं पीक झालं. पीक म्हटलं की राखण आलीच. गळाला लागलेला दोन किलोचा कटला हा तलाव ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार संस्थेच्या सभासदांचा खर्च असतो.

म्हणून आज चौकशी दोन ठिकाणी करावी लागते. तलाव कुणाच्या ताब्यात, हे ग्रामपंचायतीत कळतं. गावतळं पंचायतीचं असतं, सिंचनाचे लहान तलाव बहुधा जिल्हा परिषदेचे, मोठे पाटबंधारे खात्याचे. मासेमारीचा ठेका सध्या कुणाकडे, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळतं, आणि गावातही बहुतेकांना माहीत असतं. सरपंचांनी "टाका की गळ" म्हटलं तरी ठेका संस्थेकडे असेल, तर होकार संस्थेचाच हवा. तो चिठ्ठीवर घ्यावा. चिलापी (तिलापिया) बहुधा कुणी मुद्दाम सोडलेली नसते आणि ती सोडलेल्या माशांचं खाद्य खाते, त्यामुळे निदान तेवढ्यापुरती परवानगी मागून पाहावी.

कोयना धरणाचा शिवसागर जलाशय यात धरू नये. तिथे १९८५ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याचे नियम लागतात.

टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून पूर्वी उन्हाळ्यात आटणारे कित्येक तलाव भरलेले दिसतात. जिथे मासा टिकत नव्हता तिथे आता ठेका असू शकतो, म्हणून पाच वर्षांपूर्वी मिळालेल्या होकारावर विसंबू नये. शेततळं मात्र पूर्णपणे शेतकऱ्याचं. गळाने त्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटतो आणि निसरड्या काठावरून आत गेलेल्याला वर येता येत नाही. तिथे मालक सोबत असल्याशिवाय जाऊच नये.