दूरस्थ विनिमय आंतरक्रिया (विरल चुंबकीय अर्धसंवाहकांतील)

कॅडमियम टेल्युराइड, झिंक सेलेनाइड यांसारख्या अर्धसंवाहकांत काही धनायनांच्या जागी मँगॅनीजचे आयन बसवले की विरल चुंबकीय अर्धसंवाहक तयार होतो. दोन मँगॅनीज आयनांचे स्पिन (आयनाला छोट्या चुंबकासारखे करणारा त्यांचा अंगभूत गुणधर्म) मधल्या ऋणायनांमार्फत परस्परांच्या उलट दिशेने लागू पाहतात. या ओढीचे माप म्हणजे विनिमयांक, 'जे' (केल्विनमध्ये मोजलेला, उलट दिशेच्या ओढीला उणे). लगतच्या जोडीचा जे१ मोजणे आता रुळले आहे. या नोंदीत विचार आहे तो दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या शेजाऱ्यांच्या, म्हणजे जे२, जे३, जे४ यांचा.

सोलापुरात भौतिकी शिकणाऱ्याला हाच आयन क्विंके पद्धतीच्या प्रयोगात भेटतो. मँगॅनीज सल्फेटचा द्राव भरलेल्या यू-नळीची एक भुजा विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये असते. प्रवाह सोडताच पातळी किंचित वर सरकते आणि चल सूक्ष्मदर्शकाने ती वाचतात. त्यावरून एकेकट्या आयनाचे चुंबकीय आघूर्ण (स्पिन ५/२) कळते. शेजाऱ्याशी असलेले त्याचे नाते मात्र सामान्य तापमानाला उष्णतेच्या हालचालीत बुडून जाते.

जागांची रचना इथे कळीची आहे. सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागावर कोणता ताणा केव्हा उचलायचा हे कार्डाच्या भोकांनी ठरलेले असते, म्हणून नक्षी दर वेळी तीच उतरते. मिश्र स्फटिकात मँगॅनीजला असे कार्ड नसते. तो वाटेल त्या जागी बसतो. या अर्धसंवाहकांच्या पृष्ठकेंद्रित घनाकृती धनायन-जालकात प्रत्येक आयनाभोवती पहिल्या ते चौथ्या शेजाऱ्यांच्या अनुक्रमे १२, ६, २४ आणि १२ जागा असतात. मँगॅनीज ५ टक्के असेल तर सुमारे ५४ टक्के आयनांना लगतचा मँगॅनीज शेजारी नसतो. १ टक्का असेल तर सुमारे ८९ टक्क्यांना. दूरचा शेजारी ऐकू यायचा तर जवळचा गप्प हवा, म्हणून विरलता ही थंडीइतकीच गरजेची आहे.

उच्च तापमानाच्या चुंबकीय प्रवणतेवरून (क्षेत्राला मिळणाऱ्या प्रतिसादावरून) मिळणारे क्यूरी-वाइस तापमान सर्व शेजाऱ्यांची बेरीज देते आणि त्या बेरजेत जे१ इतरांना झाकून टाकतो. चुंबकन-पायऱ्यांची पद्धत अधिक थेट आहे. वाढत्या चुंबकी क्षेत्रात जोडीचा एकूण स्पिन शून्यावरून एक, दोन असा पाचपर्यंत चढतो आणि दर चढणीला चुंबकनाच्या आलेखात एक पायरी उमटते. कॅडमियम-मँगॅनीज टेल्युराइडमध्ये जे१ अंदाजे उणे ६ केल्विन असल्याने पहिली पायरी १० टेस्लाच्या आसपास येते. पायरीची रुंदी तापमानाच्या प्रमाणात वाढते: ४.२ केल्विनला सुमारे ११ टेस्ला, २० मिलिकेल्विनला अवघी ०.०५ टेस्ला. दूरच्या जोड्यांच्या पायऱ्या एक टेस्लाच्याही बऱ्याच खाली येत असल्याने त्यांना डायल्यूशन रेफ्रिजरेटरशिवाय (मिलिकेल्विनपर्यंत थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) गत्यंतर नाही. (काही लेखक जोडीच्या विनिमय-ऊर्जेच्या समीकरणातला दोनचा गुणक जे-मध्येच धरतात, आकड्यांची तुलना करण्याआधी हे तपासावे.)

अंतराबरोबर जे कसा घटतो, यावर मतभेद आहे. लार्सन व सहकाऱ्यांच्या सैद्धांतिक मांडणीनुसार (१९८८) घट अंतराच्या वर्गावर घातांकी आहे, म्हणजे प्रत्येक पुढच्या शेजाऱ्याला जे अकरा-बारा पटींनी कमी. त्वार्दोव्स्की व सहकाऱ्यांनी (१९८७) स्पिन-काच (स्पिन अस्ताव्यस्त दिशांत गोठलेली अवस्था) गोठण्याच्या तापमानावरून अंतराचा सुमारे ६.८ वा व्यस्त घात सुचवला. दुसऱ्या शेजाऱ्यापर्यंत दोन्ही सूत्रे जवळपास सारखेच सांगतात. त्यामुळे जे२ मोजून वाद मिटत नाही. चौथ्या शेजाऱ्याला मात्र पहिले सूत्र जे१ च्या साधारण दीड हजाराव्या भागावर येते आणि दुसरे एकशेदहाव्या. शापिरा, बिंदिलाती आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अतिनीच तापमानाला केलेली पायऱ्यांची मापने पहिल्या सूत्राच्या इतक्या तीव्र घटीला अनुकूल दिसत नाहीत. मुळात केवळ अंतरावर आधारलेले कोणतेही गुळगुळीत सूत्र पुरेसे वाटत नाही. चौथा शेजारी पहिल्याच्याच दिशेला, बरोबर दुप्पट अंतरावर असतो. आयनांची सलग नागमोडी साखळी दोघांना जोडते. तिसऱ्याला तशी सरळ वाट नसते. तेव्हा जे४ हा जे३ पेक्षा लहानच असला पाहिजे असे गृहीत धरू नये.

गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगॅनीज स्वतःच स्वीकारक (इलेक्ट्रॉन घेऊन होल सोडणारी अशुद्धी) असतो आणि तेथील लोहचुंबकत्व धनभारवाहक होलांमार्फत येते. पायऱ्यांची पद्धत तिथे जशीच्या तशी लावता येत नाही.