गरीब कोण, हे ठरवायचं कसं? पुण्यातला एक जुना वाद

२००४-०५ मध्ये भारतात किती लोक गरीब होते? नियोजन आयोगाच्या जुन्या पद्धतीने २७.५ टक्के. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये सुचवलेल्या पद्धतीने ३७.२ टक्के. वर्ष तेच आणि घरखर्चाची राष्ट्रीय नमुना पाहणीही तीच. मोजण्याची रीत बदलली आणि सुमारे दहा कोटी माणसं दारिद्र्यरेषेखाली आली.

यात लबाडी कुणाचीच नाही. अर्थशास्त्रात मोजमापाच्या आधी एक निवड करावीच लागते, आणि ती नेमकी कुठे दडलेली असते हे पाहायचं तर दांडेकर-सुखात्मे वादाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये एक सोपी कसोटी लावली: दररोज दरडोई २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही, तो गरीब. १९६०-६१ च्या किमतींनी ही रेषा खेड्यात महिन्याला दरडोई १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपयांवर आली. तिच्याखाली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले जवळपास ५० टक्के लोक होते.

पां. वा. सुखात्मे हे नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न व कृषी संघटनेतली कारकीर्द संपवून ते पुण्यात आले होते. त्यांचा आक्षेप मुळावरच होता. गरजेची सरासरी काढली की काहींची गरज तिच्याहून कमी असणारच. शिवाय एकाच निरोगी माणसाची गरजही स्थिर नसते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलनं (माणसांच्या गरजा सरासरीभोवती किती विखुरलेल्या आहेत याचं माप) वजा करावीत आणि त्याच्याही खाली असेल त्यालाच कुपोषित म्हणावं. विचलन सरासरीच्या १५ टक्के धरलं, तर २,२५० ची रेषा थेट १,५७५ वर उतरते.

आता रोज १,९०० कॅलरी खाणारा शेतमजूर डोळ्यांसमोर आणा. पहिल्या रेषेने तो उपाशी, दुसऱ्या रेषेने ठीकठाक. त्याची स्वतःची गरज किती, हे दोन्ही रेषांना ठाऊक नाही. ती १,८०० असेल तर दांडेकरांची रेषा चुकते, २,४०० असेल तर सुखात्म्यांची. दांडेकरांचं उत्तर याच अंगाने जाणारं होतं: इतकी खालची रेषा फक्त निःसंशय कुपोषित असलेल्यांनाच मोजते, बाकीचे उपाशी निसटतात. माझ्या मते इथे त्यांची बाजू वरचढ आहे. त्यातही पाहणीतले आकडे तीस दिवसांच्या घरखर्चाचे असतात, म्हणजे रोजचे चढउतार त्यांत आधीच बरेचसे विरलेले असतात.

कोणती चूक अधिक वाईट, हे मात्र आकडे सांगत नाहीत. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये बजावलं होतं की अर्थशास्त्राने वस्तुस्थितीपुरतं बोलावं, चांगलं-वाईट नीतिशास्त्रावर सोपवावं. १९५३ मध्ये रिचर्ड रुडनर या तत्त्वज्ञाने उलट बाजू मांडली. पुरावा कधीच पूर्ण नसतो, त्यामुळे ‘एवढा पुरेसा’ असं ठरवताना चुकीची किंमत कोण मोजणार याचा विचार वैज्ञानिकाला करावाच लागतो. दोन विचलनं वजा करायची की एक, की एकही नाही, हा प्रश्न गणिती दिसतो. पण त्याच्या उत्तरावर कुणाचं नाव यादीत येणार हे ठरतं.

‘जुळवून घेणं’ या कल्पनेवरही वार झाले. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचं म्हणणं होतं की शरीर कमी अन्नात भागवतं तेव्हा ते फुकट होत नाही. वाढ खुंटते, काम करण्याची ताकद घटते. तगून राहणं आणि निरोगी असणं एकच मानायचं का, हेही कॅलरीच्या तक्त्यातून निघत नाही.

तरी सुखात्म्यांना गरिबांविषयी कळवळा नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. खाल्लेलं अंगी लागत नाही याचं मोठं कारण दूषित पाणी आणि पोटातले संसर्ग आहेत, असं ते कळकळीने सांगत. त्यांची रेषा मानली तर सरकारी पैसा आधी नळाच्या पाण्याकडे आणि स्वच्छतेकडे वळतो. दांडेकरांची मानली तर रोजगाराकडे, कारण गरिबाला काम मिळवून देणं हाच दांडेकर आणि रथ यांनी सुचवलेला मुख्य उपाय होता.