बसायचे की उभे राहायचे: कॉलेज फुटबॉलच्या बाकांवरील वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि त्याच्यासोबत एक जुना वादही परत येतो. मधल्या रांगेतला कोणी थर्ड डाउनला, म्हणजे चार प्रयत्नांतल्या निर्णायक तिसऱ्या प्रयत्नाला, उभा राहतो, मागून ‘खाली बसा’ अशी आरोळी येते, आणि उभा राहिलेला मागे न बघताच ‘हे नाट्यगृह नाही’ म्हणतो. तिकिटाचे पैसे दोघांनीही मोजलेले असतात आणि परंपरेचा दाखलाही दोघांकडे असतो. हा वाद शिष्टाचाराचा म्हणून मांडला जातो. त्याचा मोठा भाग मात्र बाकाची रुंदी, पायरीची उंची आणि तिकीट विकण्याची पद्धत यांनी आधीच ठरवून टाकलेला असतो.

सुरुवातीला बसण्याची सोयच नव्हती. 1869 मध्ये न्यू ब्रन्सविकला झालेला पहिला सामना शंभरेक लोकांनी पाहिला. काही कुंपणावर टेकले होते, बाकीचे उभे. काँक्रीटचे मोठे बांधकाम 1903 मध्ये हार्वर्डला आले आणि 1914 मध्ये येलचा खोलगट ‘बाउल’. पहिल्या महायुद्धानंतर स्मारक म्हणून स्टेडियम बांधण्याची लाटच आली. नेब्रास्का आणि इलिनॉयची स्टेडियमे त्यातलीच. 1927 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरला, 72,000 क्षमतेचे स्टेडियम उभे राहिले; आज तिथे 1,07,601 लोक मावतात. या सगळ्या ठिकाणी पाठ नसलेले सलग बाक होते, आधी लाकडी आणि पुढे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचे. ‘आसन’ म्हणजे बाकावर रंगवलेला आकडा आणि दोन आकड्यांमधले साधारण 18 इंच, म्हणजे 46 सेंटीमीटर.

हे 18 इंच नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. प्रौढ माणसाच्या खांद्यांची रुंदी जवळपास तेवढीच असते. सप्टेंबरात टी-शर्टवर कसेबसे जमते. नोव्हेंबरात जाड जाकीट, मांडीवर पांघरूण, वर भाड्याने घेतलेली पाठीची खुर्ची बाकाला अडकवलेली, अशा वेळी वीस आकड्यांच्या रांगेत सतरा-अठरा माणसांतच रांग भरते. उभे राहिल्यावर मात्र माणूस खांदा किंचित तिरका करतो आणि तेवढ्याच जागेत वीसही मावतात, बावीसही. विद्यार्थ्यांच्या भागात मागच्या रांगांतले मित्र पुढे सरकून घुसतात ते याच हिशेबावर. मग हाफटाइमला सगळ्यांना एकदम बसायचे असते आणि जागा पुरत नाही. विद्यार्थी पूर्ण सामना उभे राहतात यामागे निष्ठा असतेच, पण अनेकदा त्यांना बसायला जागाच नसते, हेही तितकेच खरे.

निष्ठेची बाजू सर्वात ठळक आहे ती टेक्ससमधल्या कॉलेज स्टेशनला, टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या गावी. 2 जानेवारी 1922 रोजी डॅलसमध्ये सेंटर कॉलेजविरुद्धच्या सामन्यात टेक्सस ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जायबंदी झाले. वर पत्रकारांच्या कक्षात मदतीला बसलेल्या एका माजी खेळाडू विद्यार्थ्याला खाली बोलावून पोशाख चढवायला लावला. शेवटपर्यंत तो साइडलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेबाहेर, तयारीत उभा राहिला, मैदानात उतरायची वेळ आली नाही आणि संघ 22–14 ने जिंकला. ‘बारावा माणूस’, म्हणजे अकरा खेळाडूंच्या पाठीशी उभा असलेला प्रेक्षक, ही परंपरा या प्रसंगाशी जोडली गेली. हा शब्दप्रयोग त्याआधीही मिडवेस्टमधल्या विद्यापीठांच्या नियतकालिकांत छापून आला होता, पण 1990 मध्ये त्याचा ट्रेडमार्क नोंदला गेला तो टेक्ससमध्ये. तिथले विद्यार्थी आजही खेळ चालू असताना बसत नाहीत. तिथे नवख्या पाहुण्याने विद्यार्थ्यांच्या भागाचे तिकीट घेऊन ‘जरा बसा’ म्हणणे म्हणजे पंगतीत येऊन वाढप्याला थांबवण्यासारखे आहे.

इतर ठिकाणची उभे राहण्याची कारणे वेगळी आहेत आणि त्यांना वेळ ठरलेली आहे. विद्यापीठगीताला सगळे उभे राहतात आणि टोप्या काढतात. लष्कर आणि नौदल अकादमींच्या सामन्यानंतर दोन्ही संघ आधी हरलेल्या बाजूच्या विद्यार्थ्यांसमोर आणि मग जिंकलेल्या बाजूसमोर उभे राहतात. तेवढा वेळ निघून न जाणे हा शिष्टाचार. आयोवा सिटीत 2017 पासून पहिला क्वार्टर (सामन्याचा पहिला चतुर्थांश) संपला की सगळे स्टेडियम शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळून हात हलवते. या उभे राहण्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. भांडण होते ते खेळ चालू असताना.

त्याचे कारण भूमितीत आहे. मागच्या प्रेक्षकाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून किती अंतराने जाते याला आरेखक ‘सी-व्हॅल्यू’ म्हणतात. 90 मिलिमीटर चांगले मानतात; 60 म्हणजे चालवून घेण्याजोगे. सगळेच उभे राहिले तर कोणाचे काही बिघडत नाही, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो चूक आहे. बसलेल्या आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीत साधारण 40 सेंटीमीटरचा फरक असतो. पायरी पाऊण मीटर खोल आणि जवळची साइडलाइन 20 मीटरवर धरली, तर सगळे एकदम उभे राहिल्यावर नजर आणि डोके यांतले अंतर सुमारे दीड सेंटीमीटरने घटते. 60 मिलिमीटर असेल तिथे 45 उरतात. दुसरी गोष्ट, बसल्यावर माणसांच्या उंचीतला फरक बराच झाकला जातो, कारण तो फरक मुख्यतः पायांत असतो; उभे राहिल्यावर तो पुरा उघडा पडतो. मुले आणि बुटके प्रेक्षक मग बाकावर चढतात, त्यांच्यामागच्यांनाही चढावे लागते आणि ओल्या ॲल्युमिनियमवरून पाय घसरला की माणूस थेट पुढच्या रांगेवर कोसळतो. जुन्या खोलगट स्टेडियममधल्या खालच्या रांगांचा चढ सर्वात कमी असतो आणि त्यांच्यापुढे साइडलाइनला राखीव खेळाडूंची भिंत असते. त्यामुळे उभे राहण्याची लाट बहुतेकदा पहिल्या पाच-सहा रांगांतून उठते. तिसाव्या रांगेतला माणूस ज्याच्यावर ओरडतो, तो बिचारा स्वतः कोणाच्या तरी मागे अडकलेला असतो.

गर्दीचा धोका ठळकपणे समोर आला तो 30 ऑक्टोबर 1993 रोजी मॅडिसनला. विस्कॉन्सिनने मिशिगनला 13–10 ने हरवले आणि विद्यार्थी मैदानाकडे लोटले. पुढचे कठड्यावर दाबले गेले. मागच्यांना त्याची कल्पना नव्हती, ते ढकलतच राहिले. कठडे तुटले आणि सत्तरहून अधिक जण जखमी झाले. कोणी दगावले नाही हे नशीब. त्याच स्टेडियममध्ये 1998 पासून तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या मध्ये एका ठरावीक गाण्यावर उड्या मारण्याची प्रथा पडली. 2003 मध्ये नूतनीकरण चालू असताना बांधकामाच्या काळजीने ते गाणे थांबवले, विद्यार्थी खवळले आणि अभियंत्यांनी ढाचा सुरक्षित असल्याचे सांगितल्यावर ते पुन्हा सुरू झाले.

या इतिहासातला खरा गुंता मात्र कायद्याचा आहे, आणि त्याबद्दल स्टेडियममध्ये भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहिती असते. 1990 मध्ये अपंगांच्या हक्कांचा संघीय कायदा झाला. 1991 च्या मानकांत लिहिले होते की व्हीलचेअरच्या जागांवरून सर्वसामान्य प्रेक्षकांशी ‘तुलनीय’ दृष्टिरेषा मिळाली पाहिजे. तुलनीय म्हणजे काय? पुढचे सगळे बसले आहेत असे धरून, की उभे आहेत असे धरून? मानकांत त्याचे उत्तर नव्हते. 1994 च्या अखेरीस न्यायखात्याने एका मार्गदर्शक पुस्तिकेच्या पुरवणीत एक वाक्य घातले: जिथे प्रेक्षक उभे राहतील अशी अपेक्षा आहे, तिथे व्हीलचेअरवरून उभ्या माणसांच्या वरून दिसले पाहिजे. नियमात दुरुस्ती नाही, जाहीर हरकती-सूचना नाहीत, केवळ पुरवणी.

आरेखकांच्या दृष्टीने या वाक्याची किंमत मोठी होती. समोर 175 सेंटीमीटरचा माणूस उभा आहे आणि व्हीलचेअरवरचा डोळा 120 वर आहे. नजर उताराने खाली जाते, म्हणून दीड मीटर मागे असलेल्या डोळ्याला त्या डोक्यापेक्षाही वर असावे लागते. दहा अंशांच्या उताराला व्हीलचेअरचा चौथरा पुढच्या पायरीपेक्षा साधारण 80 सेंटीमीटर उंच हवा, वीस अंशांना साधारण 110. नेहमीच्या पायरीच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे चौथऱ्यामागच्या रांगाही वर सरकतात किंवा काही आसने काढावी लागतात.

वॉशिंग्टनमधल्या एका नव्या बंदिस्त क्रीडागृहावरून खटला झाला. 1997 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने न्यायखात्याचा अर्थ मान्य केला, मात्र सगळ्या नाही तर जवळजवळ सगळ्या जागांसाठी. 1999 मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डनच्या संगीतगृहाच्या खटल्यात वेगळ्या अपील न्यायालयाने नेमके उलट सांगितले: 1991 मध्ये हा प्रश्न मुद्दाम पुढे ढकलला होता, तो पुरवणीतून आत आणता येणार नाही. दशकभर कायदा असा प्रांतागणिक बदलत राहिला. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोटारशर्यतीच्या मैदानाच्या खटल्यात आणखी एका अपील न्यायालयाने पुन्हा न्यायखात्याची बाजू घेतली. 1997 च्या निकालातून प्रशासकीय कायद्याचे जे एक सूत्र निघाले होते (सरकारी खात्याला नियमाचा ठरलेला अर्थ बदलायचा तर आधी हरकती-सूचना मागवाव्या लागतील), ते 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, पण तोवर दृष्टिरेषेचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला होता. 2010 च्या मानकांनी उभ्या प्रेक्षकांची अट थेट नियमातच घातली आणि 15 मार्च 2012 पासून ती नव्या बांधकामाला व फेरबदलांना बंधनकारक झाली.

त्याच मानकांनी संख्या मात्र कमी केली, आणि हा सौदा वादग्रस्तच म्हणायला हवा. जुन्या हिशेबाने एक लाखाच्या स्टेडियमला 1,001 व्हीलचेअर-जागा लागत. नव्या हिशेबाने 36 आणि 5,000 च्या पुढे दर 200 ला एक, म्हणजे 511. जागा निम्म्या झाल्या, पण तिथून दिसेल याची हमी मिळाली. तिकिटांचे नियमही आले: या जागा इतरांसोबतच विक्रीला काढायच्या आणि उपलब्ध असतील तर लगतच्या तीन आसनांपर्यंत सोबत्यांना द्यायच्या.

जुन्या स्टेडियमांचे काय, हा प्रश्न ॲन आर्बरला पेटला. तिथे वर्षानुवर्षे काँक्रीट आणि बाक बदलले जात होते. विद्यापीठाच्या मते ही दुरुस्ती होती, फेरबदल नव्हे. म्हणून मानके लागू होत नाहीत. 2007 मध्ये खटला गुदरला गेला, संघीय सरकारही त्यात उतरले आणि 2008 च्या तडजोडीत तीनशेहून अधिक व्हीलचेअर-जागा देण्याचे ठरले. 80 वर्षे जुन्या स्टेडियमचे बाक नवे करणे याला साधी दुरुस्ती म्हणणे तसे धाडसाचेच होते.

बसणाऱ्यांची बाजू बळावली ती पैशामुळे. मैदानाच्या मध्यरेषेजवळच्या हंगामी तिकिटांसाठी विद्यापीठाला आधी देणगी द्यावी लागते आणि देणगीच्या गुणांवर जागा ठरते. 1988 च्या करकायद्याने अशा देणगीच्या 80 टक्के रकमेवर वजावट दिली. 2018 पासून ती बंद झाली. मधल्या तीन दशकांत पन्नास यार्डांच्या रेषेजवळच्या जागा वयस्क देणगीदारांकडे गेल्या आणि विद्यार्थी अनेक ठिकाणी कोपऱ्यांत आणि एंड झोनमागे, म्हणजे मैदानाच्या टोकांच्या पट्ट्यांमागे, सरकले. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्याकडे सर्वोत्तम जागा, आणि ज्यांचा आवाज लागतो ते कडेला. आचारसंहितेत बहुधा ‘इतरांचा विचार करा’ एवढेच असते, उभे राहण्यावर सरसकट बंदी नसते. म्हणून कर्मचारी नियम दाखवत बसत नाहीत. एकटाच उभा असेल त्याला बसायला सांगतात, आणि पूर्ण रांग उभी असेल तर तक्रार करणाऱ्याची जागा बदलून देता येते का ते पाहतात. एंड झोनजवळचे तिकीट घेऊन बसून सामना पाहण्याची अपेक्षा ठेवणे हीच तिथली सर्वात सामान्य चूक.

पाठीच्या रुंद खुर्च्या बसवल्या की बसण्याचा प्रश्न सुटतो, पण आसने घटतात. लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये 2019 च्या नूतनीकरणात सगळी आसने बदलली, पायऱ्यांना कठडे लावले आणि क्षमता 93,607 वरून 77,500 वर आली. दुसरीकडे आवाजाची मागणी काही कमी झालेली नाही. 2024 पासून वरच्या श्रेणीत एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज पोचवायला परवानगी मिळाली, पण प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढचा डाव सुरू करण्यासाठी दिलेल्या वेळेच्या घड्याळावर, 15 सेकंद उरले की संपर्क तुटतो. त्या शेवटच्या 15 सेकंदांत पाहुण्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, आपल्याच माणसांशी ओरडून बोलावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी यजमानांचा मोठा पडदा सगळ्यांना उठून आवाज करायला सांगतो. मग ‘प्रेक्षक उभे राहतील अशी आमची अपेक्षा नव्हती’ हा बचाव त्या विद्यापीठाला न्यायालयात करता येत नाही.