आइनो हे नाव किती जुनं?

‘आइनो हे फिनलंडमधलं हजारो वर्षं जुनं मुलींचं नाव,’ असं नावांच्या याद्यांत फिरत असतं. असं वाटणं साहजिक आहे, कारण ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यातली आइनो लोकगीतांतूनच आली. पण त्या गीतांत ‘आइनो’ हे विशेषण आहे: एकुलती एक. महाकाव्यातली आइनो म्हणजे त्यातल्या म्हाताऱ्या नायकाशी, वैनामोइनेनशी, लग्न नको म्हणणारी, पाण्यात बुडून गेलेली मुलगी. तिचं हे विशेषनाम केलं महाकाव्याच्या संकलकानं. १८४९ची आवृत्ती पाहा. मला ही हकिगत प्राचीनतेच्या दाव्याहून मोलाची वाटते. राष्ट्रभावनेच्या लाटेत नाव घरोघरी पोचलं, विसाव्या शतकाच्या मध्यात मागे पडलं, मग पुन्हा आवडू लागलं. फिनलंडच्या लोकसंख्या नोंदणीतला नावांचा शोध सर्वांना खुला आहे. तिथे कालखंडानुसार आकडे मिळतात. जुनी लोकगीतंही ऑनलाइन तपासता येतात.